घटपर्णीला बी धरेना

घटपर्णी पाळणाऱ्याकडे झाडं थोडी आणि किस्से फार, असं आमचे वकीलसाहेब म्हणतात. खरं आहे. अकरा वर्षं मी या नादात घालवली. आज माझ्या अंगणात एकही झाड नाही, पण कुणी ‘मास्तर, सांगा की’ म्हटलं की किस्से एकामागून एक निघतात. लोक पोट धरधरून हसतात. मला काही हसू येत नाही!

ज्यांनी हे झाड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पानाच्या टोकाला झाकण असलेला लहानसा चंबू लोंबतो. चंबूत पाणी. माशी काठावरून घसरून आत पडते आणि झाड तिला पचवतं. आसामात नोकरी केलेले एक जंगलसाहेब पेन्शन घेऊन बेळगावात राहायला आले होते. त्यांनी आम्हा तिघांना एकेक फांदी दिली. एक मला, म्हणजे हायस्कूलच्या सायन्स मास्तरला, एक वकीलसाहेबांना आणि एक निपाणीचे तंबाखूचे व्यापारी अण्णा यांना. देताना म्हणाले, “जगवाल हो, पण बी धरून दाखवा. या मातीत एक रोप उगवून दाखवा!”

साहेब पुढच्याच वर्षी गेले. ते वाक्य मात्र आमच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

*

माझी थोरली बहीण आक्का आमच्याकडेच असते. गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा चालत नाही. एका सकाळी बघतो तर झाडाच्या प्रत्येक चंबूच्या तोंडाला चिंधी बांधलेली!

“आक्का, हे काय गं?”

“आज एकादस हाय. माझ्या घरात आज कुनी जीव खायाचा न्हाय.”

मी हसून शाळेला गेलो, हीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येतो तो सगळे चंबू दुधानं काठोकाठ भरलेले. “उपास सोडाया नगं व्हय त्येला?” आक्का म्हणाली.

चार दिवसांत सगळे चंबू काळे पडून गळाले. मी कुंडीपाशी डोकं धरून बसलो होतो. आक्का शेजारी येऊन बसली. तिलाही वाईट वाटलं होतं.

“बाधलं रं त्येला,” ती म्हणाली. “म्हशीचं व्हतं!”

*

या झाडाला विहिरीचं पाणी चालत नाही, पावसाचंच लागतं. म्हणून मी पत्र्याखाली धरलेलं पाणी मोठ्या हंड्यात भरून, फडकं बांधून, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवून पुरवून वापरायचो. स्वतःला प्यायलाही कधी घेतलं नाही.

एका उन्हाळ्यात खानापूरहून मेव्हणे आले. मी शाळेतून येतो तो ते अंगणात केस पुसत उभे आणि हंडा पालथा.

“दाजी,” मेव्हणे खुशीत म्हणाले, “लई मऊ पानी हो तुमचं! केस कसं रेशमागत झाल्यात!”

पाहुण्याला काय बोलणार? मी आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो.

*

निपाणीला अण्णांचं दुखणं वेगळंच. त्यांनी झाड तंबाखूच्या वखारीतच ठेवलं, कारण सारा दिवस ते तिथंच. पण तंबाखूच्या खकाण्यात माशी येते कशाला! चंबू रिकामे, झाड खंगत चाललेलं.

एकदा एक गिऱ्हाईक माल बघायला आलं. अण्णा कुंडीपाशी डोळे पुसत होते. “काय सांगू,” ते म्हणाले, “म्हैना झाला, माझ्या वखारीत एक माशी जगत न्हाय!”

“इतका कडक माल हाय?” गिऱ्हाईक उडालंच. “मग सगळाच बांधा की!”

*

सहाव्या वर्षी माझ्या झाडाला तुरा आला. त्याच आठवड्यात वकीलसाहेबांच्याही! घटपर्णीत नर वेगळा, मादी वेगळी. आम्ही देव पाण्यात ठेवले. फुलं उमलली, आणि दोन्ही झाडं नर निघाली. मग लक्षात आलं की दोघांच्या फांद्या एकाच वेलाच्या होत्या! मी सायन्स मास्तर, आणि हे मला सहा वर्षं सुचलं नाही.

“मास्तर,” वकीलसाहेब म्हणाले, “मांडवात दोन्हीकडून वरपक्षच आलाय!”

त्यांनी झाड दूधवाल्याला देऊन टाकलं. ते माशा खाणारं झाड त्याच्या म्हशीनं खाल्लं.

*

उरलं माझं नर झाड आणि अण्णांचं. अण्णांची फांदी दुसऱ्या वेलाची. तिला कधी फूलच येईना. अकराव्या वर्षी माझ्या झाडाची मुळं कुजली. मरता मरता त्यानं एक शेवटचा तुरा काढला, आणि अण्णांची तार आली: ‘तुरा आला. मादी आहे. निघा.’

मी सगळा पराग झटकून गोळा केला. सगळा मिळून चिमूटभर, पिवळा. दमट हवा लागू नये म्हणून वकीलसाहेबांची तपकिरीची जुनी डबी धुऊन, वाळवून, तीत भरला. झाड त्याच रात्री गेलं. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं मी निपाणीला निघालो तेव्हा डबी छातीशी धरलेली होती.

वखारीत पोचलो. डबी गादीवर ठेवली आणि हात धुवायला आत गेलो. अण्णा कुंडी आणायला गेले. निपाणीत गादीवर ठेवलेली डबी म्हणजे मालाचा नमुना. ती उघडून चिमूट ओढायला कुणी कुणाला विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षं मी त्या वखारीत जात होतो!

बाहेर आलो तर संकेश्वरचे एक म्हातारे सावकार गादीवर बसलेले. डबी उघडी. आत काही नाही.

“वास न्हाय, झोंबत न्हाय,” ते नाक चोळत म्हणाले. “कुनी दिला वो ह्यो माल? फसलासा अण्णा!”

अण्णा कुंडी घेऊन दारात उभे होते. तसेच धावत आले आणि फुललेला तुरा त्यांनी सावकारांच्या नाकासमोर धरला.

“शिंका!” अण्णा ओरडले. “सावकार, पाया पडतो तुमच्या, शिंका!”

मीही हात जोडून गुडघ्यावर बसलो. फुलांसाठी आणलेला ब्रश त्यांच्या नाकात फिरवला. ते आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

“शिंक कशी येनार वो?” ते शांतपणे म्हणाले. “चाळीस वर्सं तपकीर वडतोय मी!”