किसुई गुरुजींचं बिऱ्हाड

किसुई गुरुजी हायकूवर जगत होते, आणि तेही ऐटीत. किसो घाटातल्या आमच्या गावात वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना हायकूचं वेड. तीन ओळींचा मामला, पीठ मळता मळता जुळवता येतो. लोक आपापले हायकू गुरुजींकडे तपासायला नेत, सोबत तांदूळ, मुळे, जमेल ती दक्षिणा. चांगल्या हायकूवर गुरुजी लाल शाईची खूण करत. "गावात वाईट लिहिणारे आहेत तोवर माझी चूल विझत नाही," असं ते माझ्याच दुकानात, माझ्याच शेवया भुरकत म्हणायचे. राहायची खोली मात्र कान्बेईशेठची, त्यांच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीमागे, फुकट.

त्या शरदात शेठनी देवळाला लाकडी फळी द्यायचं ठरवलं. गावातले उत्तम हायकू गुरुजींनी निवडायचे आणि ते तिच्यावर रंगवायचे. कुणाचा कोणता हे गुरुजींना कळू नये म्हणून रिवाजाप्रमाणे सगळे मी एकाच अक्षरात, नावं गाळून उतरवले. तर निवडीच्या आदल्या दिवशीच शेठ गुरुजींना गाठायला दुकानात हजर.

"गुरुजी, चंद्र आणि पिंप आहे ना, तो आपला. फळीवर पहिला."

"शेठ, चंद्र सुंदर, साके सुंदर, मन आनंदी. सगळं तुम्हीच बोललात. वाचणाऱ्यानं काय करायचं?"

"वाहवा करायची! खोली कुणाची, विसरलात?"

निवड जाहीर झाली. त्यात चंद्र नव्हता की पिंप नव्हतं. शेठनी संध्याकाळीच खोली रिकामी करायला लावली. गुरुजी गाठोडं घेऊन माझ्याकडे आले. थंडी तोंडावर, साठी उलटलेली. माझा जीव तुटत होता, म्हणून मी भांडलेच.

"एक खूण केली असती तर काय झिजलं असतं तुमचं?"

"ओसेनबाई, भिऊन केलेली खूण उद्या कोण मागेल? मग खाऊ काय?"

सकाळी ते पायांत गवताच्या चपला बांधत होते, पुढच्या गावी निघायला. तेवढ्यात शेठ धापा टाकत आले. खोलीला कुलूप घालायला गेले होते म्हणे. त्यांनी मान खाली घालून कागद पुढे केला.

रिकामी खोली
कुलूप घालू कसे?
आत रातकिडा

गुरुजींनी दोनदा वाचलं. मग गाठोडं सोडलं, शाई घोटली आणि कागदावर ठसठशीत लाल खूण केली.

 शेठनी गाठोडं बांधलं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि भट्टीची वाट धरली.

"हळू, शेठ!" गुरुजी मागून ओरडले. "आत दौत आहे!"