आईचा दुसरा बाप्तिस्मा

आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी आणि देवळं दोन. एक जुनं, दगडी. दुसरं पत्र्याचं, साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. दोन्हीकडं येशू एकच, बायबल एकच, गाणीही बरीचशी तीच. तरी दगडीवाला पत्र्यावाल्याला रस्त्यात सलाम घालत नाही. का, तर दगडी देवळात लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात आणि पत्र्याच्या देवळात मोठ्या माणसाला पाण्यात बुडवून. बस्स, एवढंच! पाणी किती लागतं यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. हे लिहितानाही माझं डोकं तापतं. तापू दे.

आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, याच गावात दिलेल्या. जन्मभर दगडी देवळात एका बाकावर बसल्या. मग मावशीच्या पोराची दारू पत्र्याच्या देवळातल्या प्रार्थनेनं सुटली आणि मावशी तिकडं गेली. जाणारच की! जिथं पोरगं परत मिळालं तिथं कुठल्याही आईचा जीव राहणार. इकडं आई बाकावर एकटी पडली. चार रविवार तिनं काढले आणि पाचव्याला उठून मावशीशेजारी जाऊन बसली.

प्रभुभोजनाची भाकर फिरली तेव्हा तिथल्या पास्टरनं ती आईच्या पुढ्यातनं उचलून मावशीला दिली. म्हणाला, पाण्यात उतरलेल्यांनाच मिळते.

"एवढंच व्हय? मग उतरते की," आई म्हणाली.

आणि उतरली. शेजारच्या अण्णांच्या शेततळ्यात. अण्णा लिंगायत, त्यांचं रान आमच्या कबरस्तानाला लागून. तळ्याच्या काठावर उभे राहून ते म्हणाले, "वहिनी, बेतानं. माझी मासळी दचकंल." आई भिजल्या लुगड्यानं कुडकुडत वर आली आणि हसत सुटली. "दोनदा अंघोळ केली म्हणून कुणी बाटतं व्हय?"

बाटतं! दगडी देवळाच्या पंचांनी पुढच्याच रविवारी तिला मंडळीतनं काढून टाकलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. मावशीला खेटून बसायला मिळत होतं, तिचं भागलं होतं.

पण कबरस्तान दगडी देवळाचं. आणि माझे बाबा तिथं आहेत. त्यांना माती दिली तेव्हाच आईनं शेजारची जागा स्वतःसाठी राखून ठेवली होती. मागच्या उन्हाळ्यात तिचं दुखणं वाढलं. मी तिला धाराशिवला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी घरीच न्या म्हणून सांगितलं. एसटी स्टँडवर बसल्या बसल्या तिनं माझा हात धरला. "मला बाकी कायबी नको. तुज्या बाबांशेजारी ठेव."

मी दगडी देवळाच्या पाळकसाहेबांकडं गेले. पंच होतेच. त्यांचं म्हणणं, म्हातारीनं उपासनेत मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, "मी घेतलेला दुसरा बाप्तिस्मा खोटा होता, मी चुकले, मला परत घ्या." तसं झालं तर जागा, नाहीतर नाही.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्गात नेताना येशूनं विचारलं होतं का, तुला शिंपडलंय की बुडवलंय?"

"ताई, मंडळीला शिस्त लागते," ते म्हणाले. तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही. शिस्त म्हणे! मेलेल्या माणसाला कुठं निजवायचं याचीही यांना शिस्त लागते.

अण्णांना कळलं तसे ते घरी आले. "आमच्यात बी पुरतातच. माज्या बांधाला जागा हाय. कुणाच्या बापाला विचारायचं न्हाय." मला वाटलं, धरावेत या माणसाचे पाय. आई म्हणाली, "अण्णा, तुमचं लई उपकार. पर माजा माणूस कबरस्तानाच्या भिंतीच्या आत हाय."

मग मी तिला ते वाक्य शिकवायला बसले. रोज सांजेला, चहाची कपबशी हातात देऊन. दरवेळी ती एकाच शब्दापाशी अडायची.

"खोटा कसा म्हणू गं? थंडी तर खरीच वाजली होती."

"म्हण, आई. नुसतं तोंडानं म्हण."

रविवारी आम्ही तिला खुर्चीत बसवून दगडी देवळात नेलं. दोघांनी दोन्हीकडनं धरून उभं केलं. जिनं त्या देवळाची फरशी वर्षानुवर्षं पुसली, ती माझी आई मान खाली घालून ते वाक्य बोलली. एकदाही अडली नाही. मागनं दोन-तीन पुरुषांनी "आमेन" म्हटलं, जसं काही यांनी सैतान जिंकला! आईनं खाली बसताना शेजारी हात टेकवला. बाक मोकळा होता.

बातमी पत्र्याच्या देवळात जायला वेळ लागला नाही. पास्टरनं सांगून टाकलं, हिनं बाप्तिस्मा नाकारला, हिच्या उंबऱ्यावर जाईल त्याच्या घरचा आशीर्वाद निघून जाईल. मावशी भ्याली. आशीर्वाद जाणं म्हणजे तिच्या लेखी पोराच्या हातात पुन्हा बाटली येणं. दोन गल्ल्यांवर घर, पण ती आली नाही. आई शेवटपर्यंत दाराकडं बघत होती. "आली का गं ती?" मी म्हणायची, "येईल." असल्या आशीर्वादाला आग लागो!

आईला बाबांशेजारी जागा मिळाली. पेटी खाली उतरवली, प्रार्थना झाली. आमच्यात रक्ताच्या माणसांनी आधी मूठमाती द्यायची. मी वाकले आणि भिंतीपलीकडं लक्ष गेलं. अण्णांच्या बांधावर मावशी उभी होती. पदर तोंडात कोंबलेला. अण्णांनी तिला दंडाला धरलं होतं. तिनं मूठ वर केली, पण टाकायला अंतर फार होतं.

मी गेले. भिंतीवरनं पदर पसरला आणि तिच्या मुठीतली माती घेतली. एक पंच म्हणाले, "अहो ताई, हे काय चालवलंय?"

"तोंड बंद ठेवा," मी म्हटलं. थोरामोठ्यांना मी असं कधी बोलले नव्हते. मावशीची माती आधी टाकली, माझी मागनं.

पुढच्या रविवारी दगडी देवळात हरवलेलं मेंढरू सापडल्याचा उपदेश झाला म्हणे. पत्र्याच्या देवळात मागं वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झालेल्या लोटाच्या बायकोचा. मी कुठंच गेले नाही. माझ्या आईची गोष्ट दोघांनीही वापरली आणि दोघांतल्या एकालाही त्याची लाज वाटली नाही.

परवा मावशी घरी आली. काठी टेकत, भर दुपारी, कुणी बघतंय का याची पर्वा न करता. आईच्या बाजेवर बसली. पाणी प्याली.

"तुज्या आईच्या दुसऱ्या अंगाला जागा हाय का गं?"

"आहे."

तिनं काठी बाजेला टेकवली. मग म्हणाली, "मग ते वाक्य मलाबी शिकव. माजं डोस्कं आता चालत न्हाय, पाठ व्हायला लई दिवस लागतील."