पायापुरती प्रार्थना

आमचे बुटवाले काका मुलांना चालायला शिकवण्याआधी पडायला शिकवायचे. नवा कॅलिपर, म्हणजे बुटाला जोडलेल्या पोलादी पट्ट्यांचा आधार, पायात चढवून मूल उभं राहिलेलं असे, आईबापांचे डोळे भरून आलेले असत, आता पहिलं पाऊल पडणार म्हणून सगळे श्वास रोखून बसलेले असत, आणि काका कोपऱ्यातली जाड गोधडी जमिनीवर पसरून म्हणत, "हं, आता पड." मी तेव्हा सहा वर्षांची होते. पडेन म्हणून घरच्यांनी मला तोवर कडेवरून खाली उतरवलंच नव्हतं, आणि हा दाढीवाला माणूस मला मुद्दाम पड म्हणत होता. मी भोकाड पसरलं. काकांनी स्वतःच्या कॅलिपरची गुडघ्यापाशी असलेली कडी सोडवली आणि माझ्यासमोर धाडकन गोधडीवर आडवे झाले. मग हात टेकले, चांगला पाय पोटाशी घेतला आणि भिंतीला धरून उठले. "पडणार तर तू आहेसच," ते म्हणाले, "मग नीट पड. ज्याला उठता येतं त्याला पडायचं भय नसतं." त्या दिवशी मी सात वेळा पडले आणि सात वेळा उठले. वडिलांना ते बघवेना, म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

काकांचं खरं नाव शांतवन, पण त्या नावाने त्यांना फक्त चर्चमधली माणसं हाक मारत. शरणपूर रस्त्याच्या आतल्या गल्लीत, चर्चच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची खोली होती. आत एक ऐरण, चामड्याचे तुकडे, आणि फळीवर ओळीने मांडलेले, मुलांच्या पावलांच्या मापाचे प्लास्टरचे ठोकळे. लहान मुलांना ते ठोकळे पाहून भीती वाटायची. मला मात्र तिथे फार बरं वाटे, कारण माझ्यासारखे पाय इतक्या संख्येने मी कुठे पाहिलेच नव्हते. आमच्या मखमलाबादला सगळ्यांचे पाय सारखे आणि माझा एकटीचा वाळलेला, असा माझा समज होता.

माझे वडील फुलांची शेती करत. पहाटे झेंडूच्या करंड्या बाजारात पोचवायच्या आणि परतताना मला एम-एटी मोपेडवर पुढे बसवून काकांकडे न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. माझ्या फ्रॉकला कायम झेंडूचा वास यायचा. काकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव झेंडू ठेवलं आणि शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी झेंडूच राहिले.

पहिल्या खेपेला आजीसुद्धा आली होती. तिचं येणं पाळत ठेवण्यासाठी होतं. ख्रिश्चनाच्या दुकानात पोरीला न्यायची म्हणजे बाटवतील, असं गल्लीतल्या कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं. काकांची पद्धत अशी की बूट पायात घालायच्या आधी तो दोन्ही हातांत धरून ते प्रार्थना करत. पण समोर दुसऱ्या धर्माचं माणूस असलं की आधी विचारत. त्यांनी आजीलाही विचारलं, प्रार्थना केलेली चालेल का. आजीने बराच विचार केला. नातीच्या पायावर येतील तेवढे सगळे आशीर्वाद तिला हवे होते, आणि नात मात्र तिला होती तशीच परत हवी होती. शेवटी ती म्हणाली, "कर बाबा. पण पायापुरतीच कर."

काकांनी मान डोलावली आणि खरोखर पायापुरतीच प्रार्थना केली. पुढे दरवर्षी, आजी सोबत असो वा नसो, ते ही अट पाळत आले. मी परीक्षेला बसायची असले आणि त्याबद्दल एखादा शब्द टाका म्हणून सांगितलं, तरी म्हणत, "तुझ्या आजीची परवानगी नाही." हे बोलताना त्यांच्या दाढीतल्या दाढीत हसू असे.

त्यांची स्वतःची कथा त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, बहुधा रिवेट ठोकता ठोकता. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते वाढले. वडील फिटर होते. दीड वर्षाच्या वयात पोलिओ झाला आणि पुढची वीस वर्षं खिडकीत बसून मालगाड्यांचे डबे मोजण्यात गेली. घरात रोज प्रार्थना होई. धाकटी भावंडं डोळे मिटत आणि काका डोळे उघडे ठेवून बसत. देवाशी त्यांचं भांडण एकच होतं, माझाच पाय का. मग एका मिशन दवाखान्यातल्या सिस्टरने खटपट करून त्यांना चामड्याचं काम शिकायला पाठवलं. जाताना वडिलांनी स्वतःच्या हाताने कानशीने घासून कॅलिपरच्या दोन पोलादी पट्ट्या करून दिल्या. वीस वर्षांत बापाने या पायाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, असं काका म्हणत. शिकून झाल्यावर त्यांनी पहिला बूट एका पाच वर्षांच्या मुलासाठी केला. तो मुलगा खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला, आणि त्या दिवशी काकांनी कित्येक वर्षांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मी विचारलं होतं, मग देवाने उत्तर दिलं का. "उत्तर नाही मिळालं," ते म्हणाले. "काम मिळालं. ते हातात आल्यावर प्रश्न विचारायला सवड झाली नाही."

चर्चच्या मंडळीतल्या काही भाविकांना मात्र त्यांच्या पायासाठी सवड भरपूर होती. अमक्या गावी आरोग्यसभा आहे, तिथे लंगडे चालायला लागतात, तुम्ही का येत नाही, असा आग्रह चाले. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ हळहळून म्हणाले की शांतवनभाऊ, इतकी सेवा करूनही तुम्ही अजून बरे झाला नाहीत, म्हणजे विश्वासात कुठे तरी उणीव राहिली असेल. मला इतका राग आला की मी हातातलं पॉलिशचं डबडं आपटलं. काका चामड्याची वादी कापत होते, त्यांनी मान वर केली नाही. "मी बरा आहे हो," ते म्हणाले. "पाय बरा नाही." तेरा-चौदा वर्षांच्या वयात आरशासमोर उभी राहून हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

दरवर्षी माझी उंची वाढे आणि पट्ट्या पुढच्या भोकावर सरकवाव्या लागत. आठवीत असताना झेंडावंदनाच्या रांगेत, सबंध शाळेसमोर, मी पडले. बाई धावत आल्या. मी त्यांना थांबा म्हणाले. हात टेकले, चांगला पाय पोटाशी घेतला, शेजारच्या खांबाला धरून उठले, आणि झेंड्याला सलाम केला. घरी येऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडले. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठताना आधी कुठला हात टेकलास एवढंच विचारलं.

त्यांच्या प्रार्थनेचं शेवटचं वाक्य मला बऱ्याच उशिरा नीट ऐकू आलं, कारण ते फार हळू म्हणत. "प्रभू, हे दुकान बंद पडू दे." मी चरकले. मला वाटलं काका कंटाळले. त्यांनी समजावलं की माझ्या दुकानाला गिऱ्हाईक लागायचं तर कुठल्या तरी घरात एखादं मूल पोलिओच्या तापाने फणफणायला हवं. ते मला नको आहे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "स्वतःच्या पोटावर पाय मागणारा माणूस म्यां पयल्यांदाच पाह्यला."

मग लहान मुलांना पोलिओचा डोस पाजण्याचे पोलिओ रविवार सुरू झाले. एरवी काकांचा एकही रविवार चर्चशिवाय गेला नव्हता, पण त्या रविवारी ते सकाळी आठपासून बूथवर. रविवारची उपासना चुकते याबद्दल चर्चच्या पंचांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ज्या गोष्टीसाठी पंधरा वर्षं प्रार्थना केली ती टेबलावर ठेवलेली आहे आणि मी आत बसून गाणी म्हणू का. बूथ मिटला की ते तीनचाकी सायकलवरून वस्त्यांमध्ये फिरत. डोस घेतल्याने पोरं पुढे बिघडतात अशी अफवा तेव्हा होती, बायका दारं लावून घेत. काका भाषण करत नसत. दारासमोर थांबत, पायजमा गुडघ्याच्या वर घेत आणि तो काठीसारखा पाय दाखवत. एकदा मीही बरोबर होते. दाराआडची बाई बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग तान्ह्याला घेऊन बाहेर आली. आपला पाय चार माणसांत दाखवायचा ही कल्पनासुद्धा मला तोवर सहन होत नव्हती. त्या दिवशी पुढच्या दारात मी माझा परकर वर केला.

आणि मग, हळूहळू, ती प्रार्थना फळाला आली. आधी वर्षाला चार नवी मुलं, मग एक, आणि मग एक सबंध वर्ष असं गेलं की एकही नवं पाऊल फळीवर आलं नाही. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकती नोकरीला लागले होते. पेढे घेऊन गेले तर काका रिकाम्या ऐरणीसमोर बसलेले. मी त्यांचं अभिनंदन केलं. ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "ऐकलं बघ देवानं, झेंडू," ते म्हणाले. "पण आता सकाळी उठून मी जाऊ कुठं?" देवावर इतका भरवसा असलेला माणूस असं विचारतो, हे ऐकून मी गोंधळले. मी खाली बसले आणि माझा बूट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याची टाच झिजली होती आणि एक वादी तुटायला आली होती. मी म्हणाले की काका, नवी मुलं येणार नाहीत हे खरं, पण आम्ही जुनी आहोतच ना. आम्ही मोठे झालो, पाय तेच आहेत.

त्यांनी बूट उचलून उजेडात धरला. नंतरच्या महिन्यात मी काकांच्या जुन्या वहीतून त्या सगळ्या मुलांचे पत्ते काढून पत्रं टाकली. एका रविवारी उपासना सुटली तेव्हा त्या गल्लीत मला धरून चौदा माणसं उभी होती. कुणी ओझरच्या कारखान्यात कामाला, कुणी विंचूरला कांद्याच्या अडतीवर, एकीच्या कडेवर मूल. सगळ्यांनी आपापला डावा-उजवा पाय तपासायला पुढे केला. काका एकेकाला नाव घेऊन ओरडत होते, वादी कुणी अशी वापरतं का, तेल घालायचं कुणी. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढे चार वर्षं ती खोली आमच्या दुरुस्त्यांवर चालली.

शेवटच्या आजारात मी दवाखान्यात भेटायला निघाले, तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या आजीने मला दाराशी थांबवलं. "त्याच्यासाठी तूबी प्रार्थना कर," ती म्हणाली. "आन् पायापुरती नको. सगळ्या अंगासाठी कर." मी काकांना तसंच सांगितलं. ते इतके हसले की उशाशी बसलेल्या काकूंना त्यांची उशी सावरावी लागली. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "पुरताना हा कॅलिपर पायात ठेवू देऊ नकोस. तिकडे लागायचा नाही. पोलाद चांगलं आहे, बाबांनी घासलेलं."

काका गेल्यावर काकूंनी तो काढून जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हाती दिला. कबरीवर माती लोटताना आम्ही चौदाही जण होतो. ओल्या मातीत आमच्यातला एक जण पडला. कुणी धावलं नाही. तो हात टेकून, चांगला पाय पोटाशी घेऊन उठला आणि मूठभर माती टाकून मागे झाला.

त्या पट्ट्या मी एका कारागिराकडून माझ्या मापाला कापून घेतल्या. रोज सकाळी आमच्या देवघरासमोर बसून मी कॅलिपर चढवते, वाद्या आवळते, गुडघ्याची कडी खट्कन बसते आणि मी उभी राहते. त्या वेळी मी काकांच्या देवाचे आभार मानते. आजी गेली, पण तिची अट मी मोडलेली नाही. पायापुरतेच मानते.