वाळ्यांचं पार्सल

कोऱ्या मांजरपाटाचा वास आला की तुमच्या ताईचं बारसं आठवतं. तुमच्या आईचे लहानपणीचे चांदीचे वाळे मला त्याआधी परदेशी, माझ्या या लेकीकडे पोचवायचे होते. अमळनेरच्या घरी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "ज्वारीन्या बिबड्यासमा दपाडी दे, कोन देखस?" मी म्हटलं, "अक्का, बिबड्यांच्या पापडांत लपवले आणि कस्टमने खाण्याचं अडवलं, तर वाळेही जातील." मी ते कापसात गुंडाळून डबीत ठेवले, वरून मांजरपाट शिवला आणि पोस्टात खरी वस्तू, खरी किंमत सांगून विमा उतरवला. रुसून अक्कांनी बिबड्या वेगळ्या पाठवल्या. त्या तिकडच्या कस्टमने फेकून दिल्या; वाळे मात्र बारशाला वाजले. आज धाकट्या नातवासाठी पार्सल शिवताना अक्का शेजारी बसून मलाच बजावताहेत, "किंमत खरी सांगजो बरं."