आशागडची शेकोटी आणि मावशींची गंजी

या थंडीत शेकोटी पेटवायचीच, तीही शेतावर, असं मी जाहीर केलं. मंजिरी, म्हणजे बायको, म्हणाली की तुला घरचा गॅस पेटवायला तीन काड्या लागतात. तरी शनिवारी निघालो.

चारोटी नाक्याला महामार्ग सोडला की डहाणूपर्यंत रस्ता बरा आहे, गतिरोधक तेवढे अचानक येतात. दुपारी समुद्र पाहिला आणि मुक्कामाला आशागडजवळ लक्षीमावशींच्या शेतावर आलो. माणशी आठशे रुपये, त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी हवी तितकी. घरामागे घराएवढीच पेंढ्याची गंजी होती. दोन बैलांची पावसाळ्यापर्यंतची बेगमी तेवढीच.

शेकोटीसाठी मावशींनी अंगणातला नेहमीचा खळगा दाखवला. तिथे फोटोत मागे संडास येत होता, म्हणून मी गंजीच्या पूर्वेला दहा पावलांवर जागा धरली. व्हिडिओ पाहून गेलो होतो. गवत काढलं, खड्डा खणला, भोवती दगड लावले, बोट ओलं करून वारा पाहिला. वारा समुद्राकडून, म्हणजे ठिणग्या गंजीपासून लांब जाणार. हे शास्त्र मी मावशींना सविस्तर समजावलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आता दर्याकडनं हाय, भाऊ. अंधार पडला का डोंगराकडनं येतो."

मी समजूतदारपणे हसलो. त्या दोन हंडे पाणी आणि करंजाचे ओले डहाळे आणून ठेवून गेल्या. मला वाटलं, सजावट.

दिवेलागणीनंतर वारा पडला. जाळ मंदावला म्हणून मी वाळका बांबू घातला. त्याचं पेर फुटलं, ठिणग्या उडाल्या आणि नेमकी तेव्हाच डोंगराकडून झुळूक आली. गंजीचा कोपरा पेटला. मावशी धावत येऊन डहाळ्यांनी झोडपू लागल्या, मंजिरीने हंडा ओतला, मी दुसरा हंडा निम्मा स्वतःवर सांडला. सुपाएवढा भाग काळा होऊन आग विझली. मला भयंकर लाज वाटत होती.

मावशी रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी मला शेकोटीवर पाणी ओतायला लावलं, राख काठीने ढवळून पुन्हा ओतायला लावलं आणि शेवटी राखेवर तळहात ठेवायला सांगितलं. "हात ठरला का झोपायचा."

दुसऱ्या दिवशी तलासरी, उधवा असा फेरा मारून परतलो. वाटेत भरपाई म्हणून पेंढा शोधला, पण गुरं असलेला कोणी विकायला तयार नव्हता. तुम्ही गेलात तर शेकोटीची जागा घरच्या माणसांना ठरवू द्या. फोटोत संडास आला तर येऊ द्या.

घरी आल्यावर गंजीचा तो काळा कोपरा डोक्यातून जाईना. जूनमध्ये मावशींना फोन करून भीत भीत विचारलं, पेंढा पुरला का.

"पुरला. जळक्याला बैल तोंड नाय लावत होता. मी सांगितलं त्याला, पाव्हण्यानं शिजवून ठेवलाय, खा."