चौथ्या वळणावरची वहिवाट

मला भांडायला आवडतं. नांदेडात माझा दातांचा दवाखाना आहे. तिथे दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, पण त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे माझी हौस तशीच राहते. ती रविवारी दुपारी भागते. जेवणं झाली की मी आतल्या खोलीत जाते, टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग धरते, पायाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर घेते आणि कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीत उतरते. नांदेड, लातूर, औसा, उदगीर अशा गावांतले आम्ही पंधरा-वीस जण आपापल्या घरून एकाच ट्रॅकवर येतो. कानाला हेडफोन असतो, त्यामुळे धडक बसली की शिव्याही ताज्या ताज्या पोचतात.

आमच्या लीगला नियम आहेत, आणि त्यातला एकेक भांडून मिळवलेला आहे. एकाच्या घरची लाईट गेली तर बाकीच्यांनी थांबायचं का, यावर आम्ही अख्खा महिना घालवला होता. पाहुणे आले म्हणून कडेला उभ्या केलेल्या गाडीला ठोकायचं नाही, हा नियम तर माझ्यामुळेच आला. पाहुणेही माझे होते आणि गाडीही माझीच होती.

तंटा झाला की निवाडा करायला कंधारचे एक निवृत्त तलाठी आहेत. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. पण सगळी नोकरी बांधांची भांडणं ऐकण्यात गेल्यामुळे दोन माणसं एकाच वेळी ओरडत असली तरी त्यांना दोघांचंही ऐकू येतं.

त्या हंगामात शेवटची शर्यत उरली होती आणि माझे आणि औशाच्या काकांचे गुण सारखे झाले होते. काका म्हणजे औशाच्या मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले आडते, साठीच्या पुढचे. रविवारी मोंढा बंद असला की दुकानाच्या मागच्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांशेजारी बसून गाडी पळवणारे. ते दोनदा विजेते झाले होते. मी एकदाही नाही. दुसरा नंबर मात्र इतक्यांदा आला होता की घरचे विचारायचेसुद्धा नाहीत. या वेळी मला जिंकायचंच होतं, आणि तेही कुणाला बोट दाखवता येणार नाही असं.

आडवं येत होतं ते चौथं वळण. शेवटची शर्यत ज्यावर होती तो ट्रॅक कुणा परदेशी हौशी माणसाने बनवून फुकट देऊन टाकलेला. त्याच्या हातून एक चूक राहून गेलेली. चौथ्या वळणावर रस्ता सोडून आतल्या गवतातून गाडी घातली तर कॉम्प्युटर काही दंड करत नाही. आम्ही सगळे रस्त्यानेच जायचो. काका मात्र प्रत्येक फेरीला गवतातून जायचे आणि दोन गाड्यांचं अंतर फुकटात कमवायचे. मी तक्रार टाकली.

सुनावणी फोनवर झाली, झाडून सगळे हजर होते. मी माझी बाजू मांडली. रस्त्याची पांढरी रेष आहे, काकांची चारही चाकं तिच्या पलीकडे आहेत, आणखी काय पाहिजे? मग काका म्हणाले, "भाऊसाहेब, हा ट्रॅक आला तवापासनं मी तिथूनच जात आलोय. कुनी आडवलं का? न्हाई. मग ती माझी वहिवाट झाली का न्हाई?"

दुसरीकडे कुठे लोक हसले असते. आमच्याकडे सगळे एकदम गंभीर झाले. दुसऱ्याच्या रानातून वर्षानुवर्षं कुणाची बैलगाडी जात असली की ती त्याची वहिवाट. ती अडवली म्हणून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आमच्यातल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. उदगीरच्या एकाने तर न विचारताच साक्ष दिली, "हाव, मी बघितलंय, काका पैल्या दिवसापासनं तिथूनच जातेत."

"अहो, ते गवत कॉम्प्युटरातलं आहे!" मी ओरडले. "त्याला ना सातबारा, ना मालक!"

"मालकच न्हाई तर मग आडवायलाव कशाला, डॉक्टरीणबाई?"

भाऊसाहेबांनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग निकाल दिला. वहिवाट सिद्ध होते. हा हंगाम संपेपर्यंत काकांना ती वाट मोकळी, बाकीच्यांनी रस्त्याने जावं. मी इतकी संतापले की नवऱ्याने चहाचा कप माझ्या हातात न देता लांब टेबलावर ठेवला. त्या आठवड्यात माझ्याकडे दाढ काढून घ्यायला आलेल्यांची मला अजून कीव येते.

शेवटच्या शर्यतीत मी सुरुवातीलाच पुढे निघाले. काकांची लाल गाडी आरशातून हलेना. चौथ्या वळणावर आरशात बघायला सवड नसायची, एकच वाटायचं, आता हे गवतातून येऊन पुढे निघणार. म्हणून मी त्या वळणाआधीच अंतर वाढवायला बघायचे, ब्रेक उशिरा दाबायचे, जमेल तेवढी रिस्क घ्यायचे. शेवटच्या सरळ पट्ट्यावर त्यांच्या गाडीचं तोंड माझ्या दारापर्यंत आलं, आणि तेवढ्यात मी शर्यत संपायची रेष ओलांडली. मी अशी किंचाळले की मला शॉक बसला समजून नवरा मेन स्विच बंद करायला धावला.

मग मजेत शर्यतीचं रेकॉर्डिंग बघायला बसले. गवतातून जाऊनही काकांना मी कशी सापडले नाही, ते मला डोळे भरून बघायचं होतं. बघते तर काका एकाही फेरीला गवतात शिरलेच नव्हते. प्रत्येक वेळी रस्त्याने, पांढऱ्या रेषेच्या आतून. माझं सगळं सुख क्षणात आंबट झालं. मी लगेच फोन लावला.

"काका, मला भीक नको होती."

"कसली भीक?"

"वाट मिळाली होती ना तुम्हाला? मग वापरली का नाही?"

"तुमची तक्रार खरी होती म्हनून."

"मग हे भाऊसाहेबांपुढे का नाही बोललात?"

"चार लोकांत वाट सोडावी व्हय? समदे म्हनले असते, म्हाताऱ्याला दाबलं. आता निकाल माझ्या बाजूनं लागला. ती ठिवायची का सोडायची, ते माझ्या मनावर."

"म्हणजे मी जिंकले ती तुमच्या मेहेरबानीनं."

आता मात्र काका खरोखर भडकले. इतक्या भांडणांत मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. "ए पोरी! रस्त्यानं पळवली म्हनून काय हळू पळवली व्हय? पॅडल दाबून दाबून पाय बधिर झाला माझा. लई जोर लावला, तरी तू घावली न्हाईस. मी हरलो ते खरं हरलोय. माझ्या हरन्याला नाव ठिवू नको!"

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. मी जिंकले होते, आणि ते मला काकांच्या त्या रागामुळे पटलं.