जीप उभी होती आणि रेघ चालत गेली

मी भद्रावतीचा. धंद्याने वेल्डर, म्हणजे लोखंडाचा माणूस. इथे या ग्रुपवर लोक जे अजब अनुभव लिहितात ते मी चहा पिताना बायकोला वाचून दाखवतो आणि दोघं मिळून हसतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. माझा विश्वास एकाच गोष्टीवर, नीट मारलेल्या वेल्डिंगच्या टाक्यावर. टाका धरला तर धरला, नाही तर सुटला... मधलं काही नसतं. त्यामुळे हे लिहायला मी दोन वर्षं लावली. आज बायकोच म्हणाली, लिहून टाका एकदाचं, हसणारे हसतील.

झालं असं, की वरोऱ्याच्या वैशाली मॅडम माझ्या दुकानात आल्या. त्या एका संस्थेत काम करतात. जंगलातल्या गावांना त्यांच्या पूर्वापार जंगलावर सामूहिक हक्क मिळतो, पण त्यासाठी दाव्यासोबत गावाच्या हद्दीचा नकाशा लावावा लागतो. तो नकाशा करायचं काम मॅडमचं. जीपमध्ये लॅपटॉप, लॅपटॉपला वायरने जोडलेली काडेपेटीएवढी जीपीएसची डबी. गाडी जाईल तशी स्क्रीनवर रेघ उमटत जाते. अडचण एवढीच, की लॅपटॉप मॅडमच्या मांडीवर, आणि रस्ते गडचिरोलीचे. एक लॅपटॉप आधीच आपटून फुटला होता.

"भाऊ, स्टँड बनवून द्याल का? हलायला नाही पाहिजे."

मी म्हटलं, "मॅडम, गाडी उलटली तरी लॅपटॉप सरळच राहील."

आता स्वतःच्या तोंडाने सांगतो, पण तो स्टँड मी मन लावून केला. जीपच्या फ्लोअरला एकही भोक पाडलं नाही. समोरच्या सीटच्या रेलचे जे बोल्ट असतात तेच काढून त्याखाली पट्टी घेतली. त्यावर दोन्ही सीटच्या मधोमध एक इंची चौकोनी पाइप उभा, वर फिरणारा हात, ट्रेखाली जुन्या ट्यूबचं रबर चार पदरी, आणि प्रत्येक बोल्टला डबल नट. हात मागे फिरवला की मधल्या सीटवर बसून आरामात टायपिंग करता येतं. दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरवरून मी ती जीप सहा वेळा उडवली. ट्रेवर ठेवलेल्या ग्लासातला चहा सांडला नाही. अर्धाच भरला होता, पण सांडला नाही.

डबीला वर मोकळं आकाश लागतं म्हणून तिच्यासाठी टपाच्या कॅरिअरवर पट्ट्यांचा छोटा पिंजरा केला. डबी आत ठेवली, वायर रबरातून खाली घेतली आणि पिंजरा चारी बाजूंनी वेल्ड करून टाकला. मॅडम बघतच राहिल्या.

"भाऊ, आता ही काढायची कशी?"

"काढायची कशाला? चोरी होणार नाही, पडणार नाही."

"पण गाडी जाणार नाही तिथे हातात घेऊन चालायला लागते ना ती."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वेल्डरच्या हातात दिलं की वेल्डर वेल्डच मारणार. पण मी काही चूक कबूल केली नाही. म्हटलं, पुढच्या वेळी नटबोल्टचं करून देतो, सध्या चालवून घ्या. आणि स्टँड कसा टिकतो ते डोळ्यांनी बघायचं म्हणून पहिल्या फेरीला गाडी चालवायला मीच गेलो.

गाव धानोऱ्याच्या बाजूला, आत जंगलात. नाव मुद्दाम देत नाही. माडिया-गोंडांची चाळीस-पन्नास घरं. थंडीचे दिवस, धान कापून झालेलं, आभाळ स्वच्छ. हद्द दाखवायला आले चैतूबाबा. वय ऐंशीच्या वरच असेल, उजवा गुडघा पार गेलेला. पण गावाची पूर्ण हद्द चालून पाहिलेला तो एकच माणूस उरला होता. लहानपणी बापासोबत चालला होता, म्हणून त्याला ठाऊक. बाकी सगळे ऐकून.

तिथली रीत अशी, की हद्दीचा दगड नुसता बोटाने दाखवायचा नाही. दगडाशी उतरायचं, अनवाणी पाय जमिनीला टेकवायचा, थोडं पाणी सांडायचं, मगच ती हद्द. ज्याने पाय टेकवला त्याची साक्ष. मॅडम पुढची जागा चैतूबाबांना देऊन मागे बसल्या. दगड आला की मी गाडी थांबवायचो, म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरायचा, पाय टेकवायचा, पाणी सांडायचा, पुन्हा चढायचा. चढताना स्टँडच्या पाइपला धरायचा. एवढा जड हात पडूनही पाइप हलला नाही... मी मॅडमकडे दोनदा बघितलं, त्यांनी लक्षच दिलं नाही.

तीन बाजू नीट झाल्या. चौथ्या बाजूला नाला आडवा आला. दोन्हीकडे उभे काठ, खाली मोठमोठे धोंडे, जीपचा विषयच नाही. पलीकडे बांबूचं बन आणि मोहाची झाडं. गावाला सगळ्यात जास्त मिळकत त्याच तुकड्यातून. बाबांचं म्हणणं, हद्दीचे दगड नाल्यापलीकडून फिरून येतात. पण नेमके कुठून, ते सांगून कळेना. सांगणारा एकटा, आणि त्याला चालता येत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, गावातून माणसं बोलावते. खाट आणतील, उचलून नेतील तुम्हाला."

"जित्या माणसाले खाटेवर नाई नेत बाई."

"मग कसं करायचं? परवा ग्रामसभा आहे. दगड दाखवले नाही तर मला रेघ नाल्यापाशीच थांबवावी लागेल."

बाबा नाल्याकडे तोंड करून पुढच्या सीटवर बसून राहिले. मला खरंच वाईट वाटलं. अख्खं जंगल राखलं त्या गावाने, आणि चांगला तुकडा एका गुडघ्यामुळे कागदाबाहेर जाणार.

दुपारचा एक वाजला असेल. आम्ही जेवून घ्यायचं ठरवलं. उतार होता आणि हँडब्रेक ढिला, म्हणून मी इंजिन बंद करून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. बाबांना भूक नव्हती. मॅडम आणि मी दहा-बारा पावलांवर येनाच्या झाडाखाली बसलो, जीप समोर दिसत होती. बाबांचा हात स्टँडच्या पाइपवर तसाच, आणि मान छातीवर. झोपले होते. मध्ये दोनदा मी जाऊन बघून आलो, थंडीत म्हाताऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही म्हणून. श्वास नीट चालू होता.

पाऊण तासाने मॅडम लॅपटॉप बंद करायला गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. साध्या आवाजात, पण मी धावत गेलो.

रेघ नाला ओलांडून पलीकडे गेली होती.

नुसती गेली नव्हती. वर चढून डावीकडे वळली, पुढे पुन्हा वळली, असे सात कोपरे घेत एक मोठा वळसा घालून जीपजवळ परत आली होती. मी पहिले चाकं पाहिली. दगड जागेवर, टायरखालचा पाला जागेवर. मग टपावर चढलो. पिंजरा वेल्ड केलेला, डबी आत, वायर ताणलेली. मॅडम खालून म्हणाल्या, "भाऊ, कोणी काढून नेली असेल का?" मी म्हटलं, "मॅडम, ती काढायला माझं ग्राइंडर लागेल, आणि ते भद्रावतीला आहे." हे बोललो आणि चारही बाजूंचे टाके बोटाने चाचपून पाहिले. माझा टाका सुटला होता असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं, पण टाका सुटला नव्हता.

मॅडमचं म्हणणं, आकाश झाकलं गेलं की जीपीएस भरकटतं. ते मलाही माहीत आहे. पण भरकटलं की गुंताळा होतो, असे स्वच्छ कोपरे होत नाहीत. मग त्यांनी रेघ मोठी करून पाहिली. डबी दर पाच सेकंदांनी एक ठिपका टाकते. माणूस चालला की ठिपके सारख्या अंतरावर पडतात. इथे तसं नव्हतं. थोडा वेळ ठिपके जवळजवळ, मग चार-पाच लांबलांब, पुन्हा जवळजवळ. अख्ख्या रेघेत हेच.

"कोणीतरी मागे राहतंय," मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि मग पळत गाठतंय."

तेवढ्यात बाबा जागे झाले. मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली, म्हणाल्या, "बाबा, हे काय आहे?" बाबांनी बोटाने रेघ गिरवली, एकेका कोपऱ्यावर थांबत. अक्षरओळख नसलेला माणूस, पण गोंधळला नाही.

"हे आमी चाल्लो थे वाट हाय. माहा बाप भरभर चाले. म्या मांगं राहो, मंग धावो." मग आम्हालाच म्हणाले, "आत्ता सपनात गेल्तो ना त्याच्यासंग. इथी मोहाखाली थो पाणी पेला."

मोहाखाली म्हणून त्यांनी बोट ठेवलं तिथे ठिपक्यांचा पुंजका होता. म्हणजे जो कोणी होता तो तिथे थांबला होता. मी मॅडमकडे पाहिलं. या वेळी त्यांनीही पाहिलं.

आता मॅडमबद्दल सांगतो, कारण मला त्यांचा फार अभिमान वाटतो. दुसरी कोणी असती तर रेघ मिळाली म्हणून तशीच नकाशात घातली असती. त्या म्हणाल्या, "मशीनमध्ये आहे म्हणून मी घेणार नाही. दगड दिसले तर घेईन." दुसऱ्या दिवशी ती रेघ मोबाइलवर घेऊन त्या नाला उतरल्या. गावातल्या बाया-माणसं आणि मी मागे. पहिल्या कोपऱ्यावर काही दिसत नव्हतं. बांबूचा पाला हातभर उकरल्यावर दगड लागला, उभा रोवलेला, खालून घट्ट. मी स्वतः हलवून पाहिला. ज्याने रोवला त्याला काम येत होतं. असे सहा दगड सापडले. सातवा नाही सापडला, तिथे नाल्याने काठ खाल्ला होता. प्रत्येक दगडाशी गावातल्या माणसांनी अनवाणी पाय टेकवले, पाणी सांडलं. मला म्हणाले, "मिस्त्री, तूबी टेकव." मी बूट काढले. माझा काही हक्क नव्हता त्या जंगलावर, पण छाती फुगली हे खरं.

ग्रामसभेत नकाशा मंजूर झाला, नाल्यापलीकडच्या तुकड्यासकट.

नंतर मी नागपूरच्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला लॅपटॉपमधली आधीच्या एखाद्या रेघेची जुनी फाइल उघडली असेल. पण त्या गावाची जुनी फाइलच नव्हती. दुसरा म्हणाला मशीनचा दोष. असेल, पण दोषाला मोहाखाली पाणी प्यायला कशाला थांबायचं असतं? उलगडा माझ्याकडे नाही, मॅडमकडेही नाही. मी आता तो विचारतही नाही.

ग्रामसभा संपताना मॅडम फॉर्म भरत होत्या. त्यात एक रकाना होता, हद्द दाखवणाऱ्यांची नावं. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि चैतू असं लिहायला घेतलं.

बाबांनी त्यांचा हात धरला. "पयले बापाचं लिव. पैकू."

मॅडम म्हणाल्या, "बाबा, जे हजर होते त्यांचीच लिहायची असतात."

"मंग," बाबा म्हणाले, "म्हनूनच तं सांगून राह्यलो."

मॅडमनी पहिल्या ओळीत पैकू लिहिलं, दुसऱ्या ओळीत चैतू, आणि बाबांनी दोन्ही नावांसमोर अंगठे लावले.